गाण्यातला माणूस

“कोन होता वं तो?” विमलताईंनी विचारलं, आणि सुमेधाच्या हातातली तुरीची शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली.

रविवारची सकाळ होती. रेडिओवरचं गाणं नुकतंच संपलं होतं. निवेदिकेनं गायिकेचं नाव सांगितलं, शरयू बिवलकर, आणि श्वासही न घेता पुढच्या गाण्याची पसंती कळवणाऱ्यांची नावं वाचायला घेतली. अंगणात ऊन होतं. बाहेरच्या रस्त्यानं सरकी काढायच्या जिनाकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांची खडखड चालली होती. या दिवसांत यवतमाळात कुठंही बसा, कापसाचा एखादा पुंजका उडत येऊन अंगावर बसतोच. सुमेधाच्या पदरावर एक येऊन बसला होता, तिकडे बघत ती म्हणाली, “कोण, ताई?” “तोच,” विमलताई म्हणाल्या, “ज्याच्यापायी डोळे पुसून राह्यली.” त्यांच्या विचारण्यात विष नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, सुमेधाला उलट बोलता आलं असतं. विमलताई तिच्या नवऱ्याची मोठी बहीण. अकालीच विधवा होऊन भावाकडे राहायला आलेली. मीठ संपलं का, दूधवाला आला का, हे जसं विचारायच्या तसंच त्यांनी हेही विचारलं, आणि उत्तराची वाट बघत शेंगा सोलत राहिल्या.

“कोणी नाही,” सुमेधा म्हणाली. “गाणं चांगलं आहे म्हणून.”

“गाणं चांगलं हाय म्हनून कोनी रडते काय?”

आता यावर काय सांगायचं? सुमेधा शेंगांचं ताट उचलून स्वयंपाकघरात गेली. चुलीवर काहीच नसताना फुंकणी घेऊन उगीच फुंकत बसली, आणि फुंकता फुंकता तिचा इतका संताप झाला की धूर नसताना पुन्हा डोळ्यांत पाणी आलं. गाणं चांगलं आहे म्हणूनच रडते मी. दुसऱ्या कशासाठी नाही. हे एवढं साधं वाक्य, आणि ते बोललं की खोटं वाटतं. तिला स्वतःलाही ते बोलताना खोटं वाटलं होतं, आणि त्याचाच राग जास्त होता.

ते गाणं तिनं पहिल्यांदा ऐकलं ते मागच्या उन्हाळ्यात. रेडिओ नवा होता, त्याच्यावर विमलताईंनी विणलेला रुमाल होता, आणि दुपारी घरात सगळे निजले की सुमेधा तो अगदी हळू आवाजात लावून जवळ कान नेऊन बसायची. विरहाची गाणी तिला नवी नव्हती. त्यांतल्या बाया चंद्राला बोल लावत, शपथा घालत, जन्मोजन्मीचे हिशेब मांडत, आणि शेवटच्या ओळीला आवाज असा वर नेत की ऐकणाऱ्याला वाटावं, जाणारा माणूस स्टेशनवरून धावत परत येईल. या गाण्यातल्या बाईनं तसलं काहीच केलं नाही. दारात आलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं ती म्हणाली:

*ऊन उतरले, नीघ आता रे, वाट तुझी लांबची,*
*माझी इतुकी, अंगणातुनी उंबऱ्यापर्यंतची.*

बस. तो कायमचा चालला आहे, आणि ही त्याला उशीर होईल म्हणून काळजी करते आहे. ‘नीघ’ हा शब्द शरयू बिवलकर असा म्हणायची, जसा सुमेधाची आई दिग्रसला मोटारस्टँडवर मुलाला म्हणायची. त्यात ढकलणं नाही, अडवणंही नाही. ‘लांबची’ नंतर ती थोडी थांबायची. वाद्यं वाजत राहायची, ती मात्र थांबायची, आणि मग ‘माझी इतुकी’ च्या आधी एक लहानसा श्वास ऐकू यायचा. तो श्वास गाण्यातला नव्हताच, गाणाऱ्या बाईचा होता. आणि ‘उंबऱ्यापर्यंतची’ मधला तो शेवटचा ‘ची’! दुसरी कुणी असती तर तिनं तिथं तान घेतली असती, नाहीतर तो सूर धरून लोंबकळली असती. शरयू बिवलकर तो सूर भरलेली घागर जमिनीवर ठेवावी तसा ठेवून द्यायची. थेंबही सांडत नसे. सुमेधाचे वडील दिग्रसच्या शाळेत मास्तर होते. फळ्यावर ते खडूनं एका हातानं, एका दमात वर्तुळ काढायचे, सुरुवात आणि शेवट बरोबर एकमेकांना भिडायचे, आणि लहानपणी पहिल्या बाकावर बसलेल्या सुमेधाचे डोळे तेव्हाही असेच भरून यायचे. ते वर्तुळ कोणासाठी होतं? कोण होता वं तो, म्हणून तेव्हा कुणी विचारलं नाही.

विमलताईंनी ती गोष्ट मनात ठेवली नाही. त्यांच्या मनात ठेवायला जागाच नव्हती, आलेलं सगळं त्या लगेच वाढून टाकत. रात्रीच्या जेवणाला बसल्यावर पहिल्या घासालाच त्या म्हणाल्या, “नीळू, तुह्या बायकोले ते एक गाणं लई लागते बरं का.” नीळकंठनं ताटातून मान वर केली, सुमेधाकडे पाहिलं, आणि म्हणाला, “हं.”

नीळकंठ वकील होता. जिल्ह्याच्या कोर्टात त्याचं नाव चांगलं होतं, आणि ते बोलण्याबद्दल नव्हतं, न बोलण्याबद्दल होतं. साक्षीदाराला एक प्रश्न विचारायचा आणि मग त्याच्याकडे शांतपणे, जवळजवळ मायेनं बघत राहायचं; समोरच्याला ती शांतता सोसेनाशी झाली की तो आपणहून बोलत सुटे. ही त्याची रीत सुमेधाला लग्नानंतर थोड्याच दिवसांत कळली होती. घरात त्यानं ती कधी मुद्दाम वापरली नव्हती. तसा भला माणूस होता तो. आवाज चढवायचा नाही, भाजीत मीठ कमी असलं तर न बोलता मीठ घेऊन खायचा. पण त्या दिवसापासून ते गाणं लागलं की तो हातातलं वर्तमानपत्र घडी करून मांडीवर ठेवू लागला, आणि सुमेधाकडे बघू लागला. रेडिओकडे नाही. तिच्याकडे.

गाणं ऐकताना कुणी आपल्या तोंडाकडे बघत बसलं आहे, यासारखा जाच नाही. तिला आपल्या चेहऱ्याचं काय करावं ते कळेना. कोरडा ठेवावा तर तो लपवल्यासारखा दिसे. सैल सोडावा तर डोळे भरत. त्या श्वासाची वाट बघायची सोडून ती नवऱ्याच्या नजरेची वाट बघू लागली, आणि श्वास येऊन निघून जाई. एकदा ती गाणं सुरू होताच उठून मागच्या दारी गेली. तिथं लालीबाई बसली होती, घाटंजीकडच्या तांड्यावरून तूप विकायला येणारी, हातभर पांढरे चुडे घातलेली म्हातारी. सुमेधाला अशी घाईनं बाहेर आलेली बघून लालीबाई म्हणाली, “काहून बाई, कोनी बोललं काय?” “नाही हो. गाणं ऐकते.” “मंग आत आयकाचं ना. भायेर कायले?” दोघी ऐकत राहिल्या. मग लालीबाईनं आपलं मत दिलं: “आवाज गोड हाय. पन बाई उपाशी गाते.” सुमेधा इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मनापासून हसली. निदान हे गाण्याबद्दल तरी होतं. पण ती हसत आत आली तेव्हा नीळकंठनं ते हसू पाहिलं, आणि गाणं लागलं असताना बाहेर का गेली आणि हसत का आली, याचीही नोंद त्याच्या शांत डोळ्यांत झाली.

संक्रांतीच्या आसपास एका दुपारी तो कोर्टातून लवकर आला. विमलताई हळदीकुंकवाची चाललेली लगबग बघायला शेजारी गेल्या होत्या. चहा पिऊन झाल्यावर कप बाजूला सारत तो म्हणाला, “सुमेधा, मी काही जुन्या विचारांचा माणूस नाही.”

तिनं त्याचा रिकामा कप उचलला. ती म्हणाली, “हो.”

“प्रत्येकाला आधीचं आयुष्य असते. त्यात वाईट काय? फक्त आपल्याले ठाऊक असलं म्हणजे बरं राह्यते.”

“माझं काही नव्हतं. खरंच कोणी नव्हतं हो.”

“बरं,” तो म्हणाला. आणि बघत राहिला.

त्या ‘बरं’ नं ती हैराण झाली. नाही म्हटलं असतं, खोटं बोलतेस म्हटलं असतं, तर भांडता आलं असतं. ‘बरं’ शी कसं भांडणार? ते ‘बरं’ मग घरातच राहायला आलं. ते स्वयंपाकघरात तिच्या मागं उभं असे, वाळत घातलेल्या धोतराच्या आडून डोकावत असे. नीळकंठ पुन्हा काही बोलला नाही, पण जेवताना, पान लावताना, दिवा मालवताना त्याच्या गप्प बसण्याला एक धीर होता, वाट बघण्याचा धीर, आणि तिला माहीत होतं की या धीरापुढे खुनाचे आरोपीसुद्धा टिकले नाहीत. तिच्याकडे तर कबूल करायला काही नव्हतंच. ज्याच्याकडे काही आहे त्याला निदान ते देऊन मोकळं होता येतं. ती आठवून आठवून थकली. कॉलेजचं एक वर्ष अमरावतीला, तिथं कोणी? आत्याकडच्या लग्नात कोणी? कोणी तरी असायला हवं होतं. आपलं आयुष्य इतकं रिकामं कसं, असंही तिला एकदा वाटून गेलं, आणि मग आपल्याला असं वाटायला लावलं म्हणून ती नवऱ्यावर मनातल्या मनात आणखी चिडली.

पुढच्या रविवारी गाणं लागलं. वर्तमानपत्राची घडी झाली. ‘माझी इतुकी’ च्या आधीचा श्वास आला तसा नीळकंठ, जणू त्या श्वासाचीच वाट बघत होता, हळूच म्हणाला, “मनात ठेवू नये गं. त्रास होते.”

“होता!” सुमेधा ओरडली. “होता एक. झालं समाधान?”

दारात विमलताई होत्या, त्यांचा हात तोंडावर गेला. गाणं चालूच होतं. नीळकंठच्या चेहऱ्यावर सुमेधाला राग दिसला नाही, दुःखही नाही. त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. “नाव?” तो म्हणाला, अगदी मऊ आवाजात. “दीनानाथ,” ती म्हणाली. तोंडाला आलं ते. “कुठचा?” “दिग्रसचा.” “बरं,” तो म्हणाला. हे ‘बरं’ वेगळं होतं, त्याच्यात दार लावून घेतल्याचा आवाज होता. त्यानं त्यापुढे एकही प्रश्न विचारला नाही.

आणि मग घर चांगलं झालं. तिला वेड लागायची पाळी येईल इतकं चांगलं. नीळकंठ संध्याकाळी येताना संत्री आणू लागला. विमलताई तिच्या भातावर न मागता तूप वाढू लागल्या, आणि एकदा ती विहिरीवरून कळशी आणत होती तर “ठेव, मी आनतो” म्हणून त्यांनी ती हातातून घेतली. दुखण्यातून उठलेल्या माणसाशी बोलतात तसं सगळे तिच्याशी बोलत. पाच वर्षं या घरात ती स्वयंपाक करत होती, कपडे धूत होती, लोणची घालत होती, तेव्हा कुणी तिच्यासाठी फळ आणलं नव्हतं. आणि आता जो जन्मालाच आला नाही अशा माणसानं तिला सोडलं म्हणून संत्री येत होती. ती सोलून खाताना गोड लागत, याचाही तिला राग येई.

माघ संपता संपता नीळकंठ एका जिनाच्या दाव्याच्या कामासाठी दिग्रसला गेला. सकाळच्या एस.टी.नं गेला, दुसऱ्या दिवशी दुपारी आला, हातपाय धुतले, पाटावर बसला आणि पहिला घास घ्यायच्या आधी म्हणाला, “भेटलो.”

“कोणाला?”

“दीनानाथले.”

सुमेधाच्या हातातली पळी आमटीत बुडाली. तो सांगत होता: जिनातच कारकून आहे. पूर्वी तुमच्या मागच्या गल्लीत खोली घेऊन राहायचा म्हणाला. मी काही बोललो नाही, तू काळजी करू नको. फक्त म्हटलं, मास्तरांचा जावई. तेव्हा सुमेधाला तो आठवला. भुईतून उगवावा तसा आठवला. मोठ्या कानांचा, तपकीर ओढणारा, दर दोन वाक्यांना शिंकणारा एक गृहस्थ, जो बाबांचं वर्तमानपत्र वाचून झालं की मागायला यायचा. त्याचं नाव दीनानाथ होतं! ते नाव तिच्या डोक्यात कुठल्या कोपऱ्यात, कुठल्या अडगळीत पडून होतं, आणि ऐन वेळी जिभेवर आलं.

“चांगला माणूस आहे,” नीळकंठ म्हणाला. “शिंकते फार. पण चांगला आहे. तुझी आठवण काढली त्यानं. म्हणाला, मास्तरांची पोरगी दार उघडायची, पेपर द्यायची, अन् लगेच दार लावून घ्यायची.” “लगेच,” तो पुन्हा म्हणाला, आणि त्या शब्दात त्याला काय काय दिसत होतं ते सुमेधाला स्पष्ट दिसलं: अर्धवट उघडलेलं दार, थरथरणारा हात, दाराला पाठ लावून उभी राहिलेली मुलगी.

“तो शिंकायचा म्हणून लावायची मी दार!” ती म्हणाली. “अहो, तपकीर उडायची अंगावर. दीनानाथ वगैरे काही नाही. मी खोटं बोलले. तुम्ही बघत बसायचे, बघत बसायचे, म्हणून वैतागून बोलले. कोणी नव्हतं. पहिल्यापासून सांगते आहे, कोणी नव्हतं.”

नीळकंठनं तिच्याकडे बघितलं. मग खाली बघून भात कालवत म्हणाला, “माझ्यासाठी असं बोलायची गरज नाही, सुमेधा.”

तिनं त्याच्या ताटात आमटी वाढली. दुसरं काय करणार? खरं बोलायची वेळ निघून गेली होती. घरातल्या घरात आपल्या आयुष्यात एक माणूस शिरून बसला, तो आता काढता येत नाही, आणि तोही असा, नाकात तपकीर भरणारा. रात्रभर नाही, पण पुढचे कितीतरी दिवस ती हात धुता धुता, केस विंचरता विंचरता मध्येच थांबून एकटीच म्हणायची, काय माणसं आहेत! आणि सगळ्यात वाईट म्हणजे गाणं गेलं. तिनं ते मनात आणून बघितलं तर ऊन उतरत होतं, वाट लांब होती, आणि त्या वाटेवर बगलेत वर्तमानपत्र धरून दीनानाथ शिंकत चालला होता.

होळीच्या आधीच्या रविवारी रेडिओवर ते पुन्हा लागलं. सुरुवातीची वाद्यं वाजली मात्र, नीळकंठ उठला. विमलताईंना डोळ्यांनी खूण करत म्हणाला, “ताई, चला, बाहेर बसू. ऐकू द्या तिला.” त्या दोघांचं ते पाऊल न वाजवता निघणं बघितलं आणि सुमेधाच्या मस्तकात तिडीक गेली. तिनं नवऱ्याची बाही धरली.

“बसा.”

“अगं, तू ऐक ना.”

“बसा म्हणते ना! आणि माझ्याकडे बघायचं नाही. तिकडे बघा, रेडिओकडे.”

तो बसला. तिचा असा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. तिनं गाण्यावरच बोलायला सुरुवात केली. हे बघा, ‘नीघ’ कशी म्हणते, ढकलते आहे का? नाही ना? आता थांबेल. थांबली. आता श्वास, हा, ऐकलात? आता हा शेवटचा ‘ची’, दुसरी असती तर इथं नाचली असती, ही बघा, ठेवून दिला. एवढंच. यासाठी येतं माझ्या डोळ्यांत पाणी. तुम्हाला यायला हवं असं नाही. पण यासाठी येतं. ती हातवारे करत होती, शाळेत बाबा करायचे तसे, आणि आपण ओरडतो आहोत हे तिला कळत होतं. दुसरं कडवं आलं तशी ती दमून गप्प झाली.

*सावली बघ पायाशी रे, निंबही पेंगून गेला,*
*पाखरांचा शब्द नाही, पाणी पी, नीघ, वेळ झाला.*

गाणं संपलं. निवेदिका नावं वाचू लागली. नीळकंठ रेडिओकडे बघत होता, कपाळाला आठ्या घालून, कागदपत्रातली एखादी तारीख जुळत नसली की घालायचा तशा.

“सावली पायाशी आहे म्हणते ती,” तो म्हणाला.

“मग?”

“म्हणजे ऊन डोक्यावर. झाड पेंगलं, पाखरं गप्प. भर दुपार आहे.” त्यानं मान हलवली. “मग ऊन उतरलं कुठून?”

सुमेधानं ओठांतल्या ओठांत दुसरं कडवं म्हणून बघितलं. किती वेळा ऐकलं होतं तिनं हे. सूर न् सूर पाठ होता.

“खोटं बोलून राह्यली ती,” नीळकंठ म्हणाला. “आणखी थोडा वेळ थांबला असता तर तिलाच धीर धरवला नसता. म्हणून लवकर काढून देते त्याले.”

विमलताई दारातच उभ्या राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अन् त्याले दिसत नव्हतं काय ऊन? आंधळा होता काय तो?”

“दिसत असेल ना, ताई,” नीळकंठ म्हणाला. “तरी निघाला.”

पुढचं गाणं सुरू झालं, त्यात पुष्कळ बासऱ्या होत्या. सुमेधाला राग आला, आता स्वतःचाच. इतके महिने ती त्या बाईचे श्वास मोजत बसली होती, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाकडे तिनं एकदाही मान वर करून बघितलं नव्हतं. तो तिला आता दिसला. भर दुपारी, माथ्यावर ऊन असताना, बाई म्हणते ऊन उतरलं तर उतरलं, असं म्हणून पाणी पिऊन, भांडं खाली ठेवून चालू लागलेला. काही न विचारता. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याला बरंच काही विचारावंसं तिला वाटलं. तो मात्र, तिनं सांगितलं होतं तसा, अजून रेडिओकडेच बघत बसला होता.